दुःखिताच्या दारी शास्त्रार्थ नको

आज उत्तम शुक्रवार. ख्रिस्ती बंधुभगिनींच्या उपवासकाळाच्या अखेरच्या सप्ताहातील हा सर्वांत गंभीर दिवस. आज चर्चमधील घंटा मुक्या असतात, वेदीवरील वस्त्रे उतरविलेली असतात, आणि दुपारच्या प्रहरी भाविक एकेक करून क्रूसापुढे नतमस्तक होतात. सणाच्या पानावर शोकाच्या दिवसाविषयी लिहावे, हे काही वाचकांना विपरीत वाटेल. परंतु ज्या धर्माने आपल्या आराध्याच्या वेदनेचाच दिवस पवित्र मानला, त्याने मनुष्याच्या दुःखाविषयी काय म्हटले आहे, हे आजच्या दिवशी नाही पाहावयाचे तर केव्हा पाहावयाचे?

मी ख्रिस्ती नव्हे. नारदाच्या गादीवर उभे राहून हरिकथा सांगणे आणि उरलेल्या वेळात संस्कृत ग्रंथ चाळणे, यांत माझे आयुष्य गेले. तेव्हा हा अधिकारवाणीने केलेला उपदेश नव्हे. एका प्रश्नाने मला तीस वर्षे छळले आणि त्याच्या उत्तराची दिशा मला अनपेक्षितपणे परक्या अंगणात सापडली, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रश्न जुनाच आहे. ईश्वर दयाळू आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर निरपराध मनुष्य दुःख का भोगतो? आपल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात हाच पूर्वपक्ष उभा केला आहे. कोणी सुखी, कोणी दुःखी अशी सृष्टी निर्माण करणाऱ्या ईश्वराकडे वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निष्ठुरता, हे दोन दोष येत नाहीत काय? सूत्रकारांचे उत्तर असे की, ईश्वर प्राण्यांच्या कर्माची अपेक्षा ठेवून फळ देतो, म्हणून दोष येत नाही. आचार्यांनी भाष्यात पर्जन्याचा दृष्टांत दिला. पाऊस सर्वत्र सारखाच पडतो. भात उगवावे की जव, हे बीजावर अवलंबून असते. पहिले कर्म कोठून आले, असे विचाराल, तर संसार अनादी आहे, हे पुढचे उत्तर सिद्धच आहे. युक्तिवाद निर्दोष आहे. मी तो कितीतरी चातुर्मासांत सांगितला, आणि श्रोत्यांनी माना डोलावल्या.

१९९३ सालच्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, गुलाल धुऊन लोक गाढ झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. पाहता पाहता हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. काही महिन्यांनी पत्र्याच्या निवाऱ्यांच्या एका वस्तीत मी कीर्तनसेवेसाठी गेलो होतो. निरूपणाला प्रारब्धाचा विषय घेतला. पर्जन्याचा दृष्टांत दिला. माझ्या मते कीर्तन उत्तम रंगले.

आरती झाल्यावर एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, "महाराज, माझं लेकरू सहा महिन्यांचं होतं. पोरीचं पोर. त्यानं कुणाचं काय वाईट केलं होतं?" मी म्हणालो, "आजी, ह्या जन्मीचं नसेल, मागल्या जन्मीचं असेल." तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले, पदर सावरला, "बरं" एवढेच म्हणाली आणि अंधारात निघून गेली. वाद नाही, रडणे नाही. पण त्या एका "बरं" ने माझे सारे भाष्य जमिनीवर आणले. मरण पावलेल्या तान्ह्या बाळाला मी तिच्यासमोर अपराधी ठरविले होते. सिद्धांत खरा असेल. परंतु तो त्या जागी, त्या वेळी, माझ्या तोंडून उच्चारला जाणे हे नैर्घृण्यच होते. ईश्वराला त्या दोषातून सोडविण्याच्या खटाटोपात तो दोष मी स्वतःच्या माथी घेतला होता.

ईयोबाचे तीन मित्र

पुढे कधीतरी जिज्ञासेने बायबल वाचावयास घेतले आणि जुन्या करारातील ईयोबाच्या ग्रंथापाशी थांबलो. बेचाळीस अध्यायांचा हा ग्रंथ बहुतांशी पद्यमय असून त्याची रचना संवादरूप आहे. आपल्याकडील इतिहास-संवादांची सवय असलेल्याला तो परका वाटत नाही. ऊस देशीचा ईयोब हा सदाचारी, सात पुत्र व तीन कन्यांचा पिता. स्वर्गसभेत सैतान देवाला म्हणतो की, हा काही फुकट भक्ती करीत नाही; याचे सर्व हिरावून घ्या आणि मग पाहा. वाचकाला हे ठाऊक असते, ईयोबाला मात्र अखेरपर्यंत कळत नाही. एकाच दिवशी गुरेढोरे जातात, चाकर जातात, दहाही मुले घर कोसळून मरतात. मग अंगभर गळवे उठतात आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवीत राहतो.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र सांत्वनाला येतात. प्रथम ते त्याला ओळखतच नाहीत. मग वस्त्रे फाडतात, डोक्यावर धूळ उडवितात, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भूमीवर एक शब्दही न बोलता बसतात. येथपर्यंत ते खरे मित्र आहेत. ज्यू लोकांत आजही असा दंडक आहे की, समाचाराला गेलेल्याने शोकग्रस्ताने तोंड उघडण्यापूर्वी आपण बोलू नये. त्याचे मूळ त्यांचे धर्मशास्त्री याच प्रसंगात दाखवितात. आठव्या दिवशी मात्र मित्र बोलू लागतात आणि तेथेच घात होतो. देव न्यायी आहे, न्यायी देव निरपराधाला शिक्षा करीत नाही, तुला शिक्षा झाली आहे, अर्थात तू पापी आहेस. कबूल कर आणि सुटका करून घे. तिघांच्या भाषणांचे सार हे एवढेच. ते वाचताना मी चपापलो. पत्र्याच्या निवाऱ्यापुढील माझेच निरूपण मी हिब्रू कवीच्या तोंडून ऐकत होतो.

ईयोब ते मान्य करीत नाही. तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला न्यायासनापुढे ओढू पाहतो, त्याला आरोपपत्र मागतो. अखेर देव वावटळीतून बोलतो. पण काय चमत्कार पाहा, कारण सांगतच नाही. सैतानाच्या पैजेचा उल्लेखही करीत नाही. उलट ईयोबालाच प्रश्नामागून प्रश्न विचारतो, समुद्र, तारे, हरिणी आणि गरुड दाखवितो, आणि सृष्टीच्या अफाटपणापुढे त्याला उभे करतो. ग्रंथाचा खरा निवाडा त्यानंतर येतो. देवाचा कोप देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर होत नाही. देवाची बाजू मांडणाऱ्या त्या तीन पंडितांवर होतो. माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असा त्याचा आशय. मित्रांना प्रायश्चित्त म्हणून सात बैल व सात मेंढे अर्पण करावे लागतात, आणि ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना केल्यावरच त्यांची सुटका होते.

देवाचे वकीलपत्र घेणाऱ्यांना देवानेच दोषी ठरवावे, ही गोष्ट कोणत्याही धर्माच्या प्रवचनकाराने आपल्या पोथीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी अशी आहे.

क्रूसावरचा प्रश्न

येशूच्या चरित्रात हाच धागा पुढे चालतो. योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. वाटेत जन्मांध मनुष्य दिसतो आणि शिष्य विचारतात की, हा आंधळा जन्मला तो स्वतःच्या पापामुळे की आईबापांच्या? आपल्याकडील श्रोत्याला हा प्रश्न घरचाच वाटेल. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. मागे वळून कारण शोधण्याऐवजी तो येथे देवाचे कार्य प्रकट व्हावयाचे आहे असे म्हणतो, आणि खाली वाकून चिखल कालवून त्या मनुष्याच्या डोळ्यांना लावतो. लूकच्या शुभवर्तमानात शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे विचारून तोच नाही म्हणतो, आणि ऐकणाऱ्यांना परक्याच्या पापाची झडती सोडून स्वतःच्या अंतःकरणाकडे वळावयास सांगतो. लाजराच्या कबरीकडे जाताना त्याच्या डोळ्यांत पाणी येते.

आणि मग आजचा दिवस. मार्क आणि मत्तय या दोघांनी नोंदविले आहे की, तिसऱ्या प्रहरी क्रूसावरून येशूने मोठ्याने आक्रोश केला, आणि तो आक्रोश एक प्रश्न होता. देवाने आपला त्याग का केला, हा. ते शब्द त्याचे एकट्याचे नव्हेत. स्तोत्रसंहितेतील बाविसाव्या स्तोत्राचा तो आरंभ आहे. त्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या आळविलेला. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे जो ईश्वराचा पुत्र, त्याच्याच मुखी निरुत्तर राहिलेला मानवी प्रश्न यावा, आणि आकाशातून त्या वेळी काहीच उत्तर येऊ नये! खाली आई उभी आहे. तीही काही बोलत नाही. पण ती निघूनही जात नाही.

ख्रिस्ती धर्माचे दुःखाविषयीचे सांगणे, मला समजले तेवढे, हे असे आहे. तेथे दुःखाची उपपत्ती नाही. दुःखात उतरलेला देव आहे. रविवारी पुनरुत्थान होते; परंतु उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवरील खिळ्यांचे व्रण गेलेले नसतात. थोमाला तो तेच दाखवितो. वैभव प्राप्त झाल्यावरही व्रण पुसून न टाकणारा हा देव दुःखिताला आपला वाटतो, यात नवल ते काय?

लिस्बनचा धडा

हे सारे इतके स्पष्ट असूनही ख्रिस्ती जगताला त्याचा विसर पडला नाही, असे नाही. १७१० साली लायबनिट्झ या थोर जर्मन तत्त्वज्ञाने ईश्वराच्या न्यायाचे समर्थन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. संभाव्य अशा सर्व विश्वांत ईश्वराने निवडलेले हे विश्व सर्वोत्तम आहे, आणि त्यातील अनिष्ट हे समग्राच्या इष्टासाठी आहे, असे त्याचे प्रतिपादन. आमच्या पर्जन्याच्या दृष्टांताइतकेच ते रेखीव आहे. पुढे १७५५ सालच्या १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, सकाळी उपासनेची वेळ असताना पोर्तुगालच्या लिस्बन शहरात प्रचंड भूकंप झाला. चर्चे भाविकांनी भरलेली होती; ती त्यांच्यावरच कोसळली. जे नदीकाठी धावले त्यांच्यावर समुद्राच्या लाटा आल्या, आणि सणासाठी पेटविलेल्या मेणबत्त्यांनी व चुलींनी लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो माणसे दगावली. अनंत चतुर्दशीनंतरची पहाट आणि संतांच्या सणाची ती सकाळ यांत मला तरी अंतर दिसत नाही. देवाच्या दारातून आलेल्यांवर किंवा देवाच्या दारात असलेल्यांवरच घाला पडला, तर कोणी काय म्हणावे?

तेथेही ईयोबाचे मित्र उभे राहिले. मालाग्रिदा नावाच्या वृद्ध येशूसंघीय धर्मगुरूने १७५६ साली पुस्तिका काढून सांगितले की, भूकंपाचे कारण भूगर्भात नसून लिस्बनकरांच्या पापांत आहे. लोकांनी निवारे उभारीत बसण्यापेक्षा प्रायश्चित्ताला लागावे. दुसरीकडे व्होल्तेरने त्या भूकंपावर काव्य लिहून, आणि १७५९ साली ‘कांदीद’ ही कथा लिहून, सर्वोत्तम विश्वाच्या कल्पनेची रेवडी उडविली. रूसोने व्होल्तेरला पत्र लिहून निराळाच मुद्दा मांडला: सहासहा मजली घरे एके ठिकाणी दाटीने निसर्गाने बांधली नव्हती. राज्यकारभार पाहणारा मंत्री, जो पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झाला, तो मात्र मृतांची विल्हेवाट लावणे, धान्याचे भाव बांधून देणे आणि जिवंतांना निवारा देणे यांत गुंतला होता. धरणी किती वेळ हादरली, समुद्र आधी ओसरला की चढला, असे प्रश्न त्याने गावोगावच्या धर्मगुरूंना लेखी विचारले. हा मंत्री साधू नव्हता. पुढे त्याच्याच राजवटीत १७६१ साली त्या वृद्ध मालाग्रिदाला क्रूरपणे देहान्त शासन झाले, त्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु त्या आठवड्यांत दुःखिताच्या कोण अधिक कामी आला, असे विचाराल तर उत्तर उघड आहे.

निर्विकार की सहभागी?

संस्कृत शास्त्रे शिकलेला वाचक येथे एक शंका काढील, आणि ती यथार्थ आहे. ब्रह्म निर्विकार असते. मग देव दुःख भोगतो हे म्हणणे कसे संभवते? ही शंका ख्रिस्ती आचार्यांनाही पडली होती. ग्रीक तत्त्वज्ञानाच्या संस्कारात वाढलेल्या त्या आचार्यांना ईश्वर अविकारी असल्याचे मान्य होते. म्हणून पिताच क्रूसावर मेला असे म्हणणाऱ्यांचे मत त्यांनी त्याज्य ठरविले, आणि इ. स. ४५१ मध्ये कॅल्सिडन येथील परिषदेत असा सिद्धांत ठरला की, ख्रिस्त एकच व्यक्ती असून तिच्या ठायी ईश्वरी व मानवी असे दोन स्वभाव आहेत. वेदना सोसल्या त्या मानवी स्वभावाने. युक्ती सूक्ष्म आहे. तथापि तिने सर्वांचे समाधान झाले नाही.

विसाव्या शतकात हा प्रश्न पुन्हा पेटला, तो ग्रंथालयात नव्हे, तर युद्धाच्या आगीत. १९४३ सालच्या जुलैत हॅम्बुर्ग शहरावर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा युर्गेन मोल्टमान हा सतरा वर्षांचा मुलगा विमानवेधी तोफेवर कामाला होता. शेजारी उभा असलेला मित्र जागच्या जागी मारला गेला, आणि हा वाचला. धर्माचे फारसे संस्कार नसलेल्या त्या मुलाने त्या रात्री प्रथमच देवाला हाक मारली. पुढे युद्धकैदी म्हणून स्कॉटलंडच्या छावणीत असताना कोणी त्याला बायबल दिले. त्यातील विलापाची स्तोत्रे आणि मार्कने लिहिलेला क्रूसावरचा आक्रोश वाचून त्याला वाटले की, आपल्याला समजून घेणारा येथे कोणीतरी आहे. तोच मुलगा पुढे जर्मनीतील नामांकित धर्मशास्त्रज्ञ झाला. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रूसावरचा देव’ या आशयाच्या ग्रंथात त्याने असे मांडले की, ज्याला दुःखच होऊ शकत नाही, त्याला प्रेमही करता येणार नाही. २०२४ साली वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी तो निवर्तला. अविकारी ब्रह्माचा अभ्यासक म्हणून मला त्याचे मत पूर्णतः पटते असे नाही. परंतु आमच्याच परंपरेत निर्गुणाचे प्रतिपादन करणाऱ्यांनी शेवटी जनाबाईबरोबर जात्याला हात लावणारा विठ्ठल का गायिला, याचा उलगडा मला त्या परक्या पंडिताच्या चरित्राने झाला.

सोबत म्हणजे पळवाट नव्हे काय?

कोणी म्हणेल, ही तर पळवाट झाली. देव सोबतीला आला, ठीक. पण तो सर्वसमर्थ असेल तर त्याने दुःख टाळले का नाही? हा आक्षेप बिनतोड आहे, आणि प्रामाणिक ख्रिस्ती विचारवंत तो नाकारीत नाहीत. दोस्तोयेव्स्कीसारख्या श्रद्धावान ख्रिस्ती लेखकाने १८८० साली पूर्ण केलेल्या ‘कारामाझोव बंधू’ या कादंबरीत, निरपराध बालकांच्या अश्रूंवर उभारलेला स्वर्ग आपल्याला नको, असे म्हणणारा इव्हान उभा केला. दोनच वर्षांपूर्वी, १८७८ साली, लेखकाचे स्वतःचे तीन वर्षांचेही नसलेले मूल दगावले होते. इव्हानला त्याने कोणत्याही पात्राकडून खंडन करणारे व्याख्यान ऐकविले नाही. श्रद्धावान लेखकाने आक्षेपकाला त्याचा पूर्ण आवाज दिला, हे मला श्रद्धेचेच लक्षण वाटते.

दुसरा धोका अधिक व्यवहारातला आहे. क्रूसाचाही दुरुपयोग होतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला किंवा धन्याच्या जाचाखालील गुलामाला, हा तुझा क्रूस आहे, तो मुकाट्याने वाहा, असे सांगणारे धर्मोपदेशक ख्रिस्ती समाजात होऊन गेले. जसे आमच्यात, हे तुझ्या कर्माचे भोग, असे सांगून अस्पृश्यतेचे समर्थन करणारे होऊन गेले. शब्द निराळे, पाप एकच. येशूने आपला क्रूस उचलावयास सांगितले ते ज्याचे त्याला. दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवावयास नव्हे.

येथेच मला सगळ्या वादाची किल्ली सापडते. दुःखाचा सिद्धांत, मग तो कर्माचा असो वा क्रूसाचा, प्रथम पुरुषातच खरा असतो. माझे दुःख माझ्या प्रारब्धाचे फळ आहे असे मी स्वतःपुरते मानले, तर त्यातून धैर्य येते, कोणाविषयी द्वेष उरत नाही. तेच वाक्य मी दुसऱ्याविषयी उच्चारले की ते क्रौर्य होते. दुसऱ्याच्या दुःखाच्या बाबतीत आपला अधिकार सोबतीचा आणि साहाय्याचा, निदानाचा नव्हे.

एका पुराणिकाची कन्या

महाराष्ट्रात या संदर्भात पंडिता रमाबाईंचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. आम्हा कीर्तन-पुराण सांगणाऱ्यांच्याच कुळातील ती कन्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले आणि कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरले. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. पदरी तान्ही मनोरमा. दुःखाची मीमांसा त्यांना संस्कृतातून अवगत होती. आणखी एका मीमांसेची त्यांना वाण नव्हती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळात त्यांच्या मनावर ठसले ते एक दृश्य: लंडनजवळच्या फुलहॅम येथील एका आश्रमात, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची भगिनी मायेने शुश्रूषा करीत होत्या. हे कशासाठी, असे विचारता त्यांना शोमरोनी स्त्रीची आणि येशूची कथा वाचून दाखविण्यात आली.

रमाबाईंच्या धर्मान्तराने त्या काळी मोठे वादळ उठले, आणि तो वाद आज उकरून काढण्याची ही जागा नव्हे. मला दिसते ते एवढेच की, पुराणिकाच्या घरातील ही विदुषी शास्त्रार्थाने जिंकली गेली नाही. कोणीतरी कोणाची तरी जखम धूत असल्याचे पाहून ती थबकली. १८९६-९७ च्या दुष्काळात ती स्वतः मध्य प्रांतात गेली आणि अनाथ मुली व विधवा यांना घेऊन परतली. केडगावचे ‘मुक्ती’ त्यातून वाढले. श्रद्धेने तिचे दुःख टळले, असेही नाही. १९२१ साली मनोरमा आईच्या आधी गेली, आणि पुढच्याच वर्षी ५ एप्रिलला आईने देह ठेवला. तोवर मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठीत बायबल उतरविण्याचे काम तिने तडीस नेले होते. त्यात ईयोबाचा ग्रंथ मराठीत आणताना त्या आईच्या मनात काय आले असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

सोबतीचे हे शास्त्र आजही चालू आहे. १९६७ साली लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स या ख्रिस्ती डॉक्टर स्त्रीने, ज्यांचा रोग बरा होणार नाही अशांसाठी सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह काढले. वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, आप्तांची आणि आत्म्याचीही असते, हे तिने वैद्यकाला शिकविले. त्याच धर्तीवर १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन सुरू झाले. तेथे रुग्णाला कोणी त्याच्या रोगाचे कर्मकारण विचारीत नाही. औषध वेळेवर दिले जाते, अंथरूण स्वच्छ ठेवले जाते, आणि शेवटच्या घटकेला कोणी ना कोणी हात धरून बसलेले असते.

आमच्या घरी काय आहे?

कोणी असे समजू नये की, हे धन परक्याच्याच घरी आहे. वनपर्वात द्रौपदी धात्यावर जो भयंकर आरोप करते, तो ईयोबाच्या तोडीचा आहे. मूल खेळण्यांशी खेळते तसा ईश्वर प्राण्यांशी खेळतो, असे ती म्हणते. व्यासांनी तो आरोप गाळला नाही. युधिष्ठिर तिला नास्तिक्याचा दोष देतो खरा. पण मग तोही कबूल करतो की, मी फळासाठी धर्म आचरीत नाही. दुष्काळात पत्नी आणि मूल गमावलेले तुकोबा पांडुरंगाशी किती कडाकडा भांडले, हे मी गावयाचे आणि तुम्ही ऐकावयाचे, यातच आपली हयात गेली. भक्तीला भांडण वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ते दुसऱ्याच्या भांडणात देवाची वकिली करणे.

तेव्हा माझ्या समव्यवसायी कीर्तनकारांना आणि चर्चच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्या धर्मगुरूंना आजच्या दिवशी एकच विनंती. सिद्धांत सांगा, तो सांगणे आपले कामच आहे. पण तो सभामंडपात सांगा, घरात प्रेत असताना ओसरीवर नको. दुखवट्याला जाल तेव्हा ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवा, आणि आठव्या दिवशीचा मोह आवरा. चूल पेटली नसेल तर भाकरी घेऊन जा. पंचनाम्यासाठी, औषधासाठी, पोराच्या शाळेसाठी कोणाला भेटावे लागत असेल तर सोबत जा. आणि कोणी विचारलेच की असे का झाले, तर, बाई, मला ठाऊक नाही, असे म्हणण्यात आपल्या विद्येला कमीपणा येत नाही.

ती म्हातारी आता हयात असण्याचा संभव नाही. तिचे नावही मी विचारले नव्हते. आज दुपारी तीन वाजता चर्चमध्ये भाविक क्रूसापुढे वाकतील, तेव्हा मीही माझ्या देवघरात पोथी मिटून घटकाभर स्वस्थ बसणार आहे. तिला द्यावयाचे खरे उत्तर तेवढेच होते.